स्वस्त साबण आणि फुकटचे श्रम

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



घरखर्चाच्या हिशेबात धान्य, तेल, गॅस आणि शाळेची फी यांचे आकडे ठळक दिसतात. धुण्याची पावडर, अंगाचा साबण, भांडी घासण्याची वडी, फरशी पुसण्याचे फिनेल, संडास धुण्याचे ॲसिड यांचे आकडे किरकोळ वाटतात. हा खर्च एकेका पुडीने आणि एकेका बाटलीने होतो, त्यामुळे त्याची बेरीज सहसा कोणी करीत नाही. परंतु हा खर्च टाळता येण्यासारखा नाही. शिवाय त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याचे कपडे घामाने, यंत्राच्या तेलाने, सिमेंटने वा शेतातल्या चिखलाने मळतात त्याला साबण अधिक लागतो, आणि नेमके त्याचेच उत्पन्न कमी असते. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा सदरा दोन दिवस चालतो. गवंड्याच्या हाताखालच्या माणसाचा सदरा रोज धुवावाच लागतो.

म्हणून ही साधने घरच्या घरी, कमी खर्चात तयार करता येतील काय, हा प्रश्न श्रमिकांच्या चळवळीने क्षुल्लक मानता कामा नये. कार्यकर्त्यांमध्ये याविषयी दोन प्रकारच्या वृत्ती आढळतात. एक वृत्ती अशी की, हा बायकांच्या पाककृतींचा विषय आहे, त्यात राजकारण ते काय? दुसरी वृत्ती अशी की, सोडा आणि लिंबू घेऊन प्रत्येक गृहिणी बसली की कंपन्यांची मक्तेदारी मोडून पडेल. या दोन्ही वृत्ती वस्तुस्थितीला सोडून आहेत. पुडक्यात काय असते, त्यातले घरी काय होऊ शकते, काय होऊ शकत नाही, आणि जे होते ते कोणाच्या श्रमावर होते, या चार प्रश्नांची उत्तरे नीट शोधली तरच या विषयातून काही निष्पन्न होईल.

पुडक्यात काय असते?

साबणाच्या कणाला दोन टोके असतात. एक टोक तेलकट मळाला धरते, दुसरे पाण्याला. चोळल्याने मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. धुण्याच्या पावडरीत हेच काम करणारे कृत्रिम रसायन असते. त्याच्या जोडीला सोडा असतो, वजन भरण्यासाठी मिठासारखे पदार्थ असतात, कपडा पांढराशुभ्र भासावा म्हणून चमक आणणारे द्रव्य असते आणि सुगंध असतो. यांपैकी सुगंधाचा आणि चमकेचा मळ निघण्याशी काहीही संबंध नाही.

सोड्याचे महत्त्व मात्र फार आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी, विशेषतः विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या गावांत, पाणी जड असते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्या पाण्यात साबणाला फेसही येत नाही. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला खाऊन टाकतात, त्याचा चिकट साका होतो आणि तो कपड्यावर बसून कपडा करडा पडतो. धुण्याचा सोडा या क्षारांना आधीच बाजूला सारतो आणि साबणाला त्याचे काम करू देतो. म्हणजे जड पाण्याच्या गावात गृहिणी जो जादा साबण खर्च करते, त्यातला बराचसा मळ काढण्यासाठी नव्हे, तर पाण्याशी झगडण्यासाठी खर्च होतो. साबणाच्या आधी स्वस्त सोडा पाण्यात टाकला तर ही उधळण थांबते. एवढी एक गोष्ट घराघरांत पोहोचली तरी पुष्कळ झाले.

हे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

हे ज्ञान नवे नाही आणि कोणा एका कंपनीचेही नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचा क्षार असतो. म्हणूनच राखेने भांडी निघत आणि राखेच्या निवळीत कपडे भिजवले जात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरातून सोड्याचे क्षार पूर्वापार काढले जात असत. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत त्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. आज ते सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, आणि त्याला हात न लावणेच योग्य. कारण सोडा आता साध्या मिठापासून आणि चुनखडीपासून कारखान्यात तयार होतो. ही रीत एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये सॉल्वे यांनी बसवली. भारतात सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर मिठापूरला १९३९ पासून रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, त्याच मिठाचे रूपांतर म्हणजे धुण्याचा सोडा. कच्चा माल समुद्राने दिलेला. किंमत मात्र पुडक्यावर छापलेली.

पुडक्याची किंमत म्हणजे निसर्गनियम नव्हे, याचा पुरावा याच देशात मिळाला. सर्फ ही पावडर भारतात १९५९ साली आली. १९६९ साली अहमदाबादेत, सरकारी खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल यांनी घराच्या आवारात पिवळी पावडर बनवून ती सायकलवरून दारोदार विकण्यास आरंभ केला. तिचा भाव किलोला तीन-साडेतीन रुपये होता. सर्फचा भाव तिच्या तिपटीहूनही अधिक होता. १९८०च्या दशकात निरमा खपाच्या बाबतीत पुढे गेली, आणि हिंदुस्थान लिव्हरला व्हील नावाची स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली. जी वस्तू स्वस्तात देणे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ती स्पर्धा उभी राहताच शक्य झाली.

या इतिहासातून एक धडा सर्वजण घेतात, तो म्हणजे उद्यमशीलतेचा. दुसरा धडा क्वचितच घेतला जातो. परसातली ती पावडर स्वतःच एक मोठी कंपनी झाली, तिचेही गाणे आकाशवाणी-दूरदर्शनवरून घरोघर पोहोचले, आणि घेणारी बाई पूर्वी होती तेथेच राहिली. तिला स्वस्त पुडके मिळाले ही गोष्ट मोठीच. परंतु पुडक्यात काय आहे, किती टाकावे आणि काय टाकण्याची गरज नाही, हे ज्ञान तिच्याकडे आले नाही. वस्तू स्वस्त होणे आणि माणूस स्वाधीन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

घरी काय करावे, काय करू नये

कपड्यांसाठी सर्वांत सोपी रीत अशी: बिनसुगंधी धुण्याच्या साबणाची २५० ग्रॅमची वडी बारीक किसून उन्हात कोरडी करावी आणि तीत ५०० ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा मिसळावा. ही भुकटी झाकणाच्या डब्यात ठेवावी. बादलीभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. ती आधी थोड्या कढत पाण्यात विरघळवून मग बादलीत ओतावी आणि कपडे अर्धा तास भिजू द्यावेत. पाणी फार जड असेल तर एक चमचा सोडा आधी निराळा टाकावा. रेशीम आणि लोकर यांना हे मिश्रण वर्ज्य आहे, कारण सोड्याने ते धागे खराब होतात. ॲल्युमिनियमची भांडीही सोड्याने काळवंडतात. धुलाई यंत्रासाठी हे मिश्रण फारसे उपयोगाचे नाही. साबणाचा साका यंत्रात साचत जातो.

रेशीम, लोकर आणि दागिने यांच्यासाठी रिठा उत्तम. बिया काढून ५० ग्रॅम साले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून गाळून घ्यावे. हे पाणी दोन-तीन दिवसांत नासते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. रिठा वनस्पतीजन्य म्हणून निरुपद्रवी, असा एक भाबडा समज आहे. रिठ्याचा फेस माशांना मारक असतो. म्हणून ते पाणी ओढ्यात वा तळ्यात सोडू नये. आणि मजुराच्या ग्रीसने माखलेल्या कपड्यांना रिठा पुरा पडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

तांब्यापितळेची भांडी चिंचेने निघतात, कारण चिंचेतील आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते. नळावरचे आणि बादलीवरचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पाण्याने वा व्हिनेगरने जातात. मात्र शहाबादी फरशी आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर आम्ल पडले की दगडच झिजतो. अशा फरशीला साबणाचे कोमट पाणी पुरेसे आहे. ओटा आणि शेगडी यांचा तेलकटपणा सोड्याच्या पाण्याने निघतो. डाग हट्टी असेल तर खायच्या सोड्याचा ओला लेप लावून घासावे.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्यातून फसफस होते आणि पाहणाऱ्याला समाधान वाटते. परंतु आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, आणि हाती उरते ते जवळपास खारे पाणी. दोन्ही वस्तू निरनिराळ्या कामांना उपयोगी आहेत. एकत्र केल्या की दोन्हींचे पैसे वाया जातात. त्याचप्रमाणे परदेशी कृतींतून टाकणखार वापरण्याची शिफारस आढळते. युरोपीय संघाने टाकणखाराच्या वर्गातील क्षारांची गणना प्रजननाला अपायकारक अशा पदार्थांत केलेली आहे. लहान मुले असलेल्या घरात तो आणण्याचे काही कारण नाही; सोड्याने काम भागते.

आजाऱ्याच्या कपड्यांचा आणि जागेचा प्रश्न आला की लिंबू-व्हिनेगरवर विसंबू नये. तेथे उकळते पाणी, साबण आणि ब्लीचिंग पावडर यांनाच पर्याय नाही. पण ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत तो प्राणघातक ठरू शकतो. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व हीदेखील आम्लेच आहेत, हे विसरू नये. अमोनियाशीही ब्लीचिंगचा संयोग तितकाच घातक आहे. हा नियम प्रत्येक वस्तीत, प्रत्येक मोरीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावण्याजोगा आहे. कोणतेही द्रव सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, आणि प्रत्येक बाटलीवर नाव लिहावे.

आता मूळ साबण बनवण्याविषयी. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण होतो. एक किलो खोबरेल तेल पुरते साबण होण्यास सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागते. व्यवहारात थोडे कमीच, १७० ग्रॅमच्या आसपास घ्यावे, म्हणजे मोकळे कॉस्टिक उरत नाही. करंज किंवा सरकीच्या तेलाला त्याहून पुष्कळ कमी लागते. एका तेलाचा आकडा दुसऱ्याला वापरला तर कातडी भाजणारा साबण तयार होतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. भांडे ॲल्युमिनियमचे असता कामा नये. डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे हवेतच. आणि वड्या महिनाभर मुरू दिल्या पाहिजेत. एका खोलीच्या घरात, लहान मुले पायांत येत असताना, हे काम करू नये. बाजारात मिळणाऱ्या ॲसिड स्लरीपासून पावडर बनवण्यालाही हेच लागू आहे. ही कामे वस्तीच्या सामाईक जागेत, एका जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावीत.

बचत कोणाची, श्रम कोणाचे?

येथपर्यंतचा हिशेब रुपयांचा झाला. आता दुसरा हिशेब मांडला पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवीत होत्या. घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ सालच्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली खरी, पण पुरुषाच्या वाट्याचीही नऊ कमी झाली. म्हणजे अंतर जवळजवळ होते तेवढेच राहिले.

या पार्श्वभूमीवर "घरच्या घरी करा आणि पैसे वाचवा" हा उपदेश कोणाला केला जात आहे? समजा, एका गृहिणीने किसणे, उकळणे, गाळणे, मिसळणे यांत दोन तास घालवून वीस रुपये वाचवले. तिने आपले श्रम तासाला दहा रुपये दराने विकले, एवढाच त्याचा अर्थ. कोणताही शेतमजूर या दराने कामाला येणार नाही, आणि येऊ नये म्हणूनच किमान वेतनाचा लढा झाला. कारखान्यातल्या कामगाराच्या आठ तासांसाठी झगडणाऱ्या चळवळीने घरातल्या बाईचे तास शून्य किमतीचे धरावेत, हा मोठाच विसंवाद आहे. कंपनीचा नफा टाळण्यासाठी स्त्रीच्या विश्रांतीतून कर उकळणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

धुण्याचे काम या देशात केवळ स्त्रीवर नव्हे, तर जातीवरही लादले गेले. बलुतेदारीत परिटाने गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्यासाठी उभे राहायचे. परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, तेव्हा सफाईचे काम हलके नाही हे त्यांनी कृतीने सांगितले. शहरांत आज तेच काम धुणेभांडी करणाऱ्या घरेलू कामगार स्त्रीकडे आले आहे. महाराष्ट्रात तिच्यासाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तिच्या हातांना कोणती पावडर लागते याची विचारपूस मालकिणीच्या घरात होत नाही. स्वतःच्या अंगाला सौम्य साबण आणि कामवालीच्या हाताला सर्वांत जहाल वडी, हा नित्याचा प्रकार आहे. सोड्याचे पाणीदेखील रोज सहा घरी हात बुडवणाऱ्या बाईची त्वचा सोलून काढते. म्हणून घरगुती कृतींचा प्रचार करताना रबरी मोज्यांचा प्रचार त्याच्या आधी झाला पाहिजे, आणि मोजे पुरवणे हे काम देणाराचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

मग मार्ग कोणता?

मार्ग एकट्या घराचा नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी संयुक्त समिती झाली, आणि स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघराचा हिशेब सरकारच्या दारात मांडला गेला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, महिन्याचा माल घाऊक आणून सभासदांनीच तो वाटून घेण्याची रीत घालून दिली. या दोन्ही अनुभवांचा येथे उपयोग आहे.

पहिली गोष्ट, सोडा, साधा साबण, रिठा आणि लिंबूसत्त्व या चार वस्तू वीस-पंचवीस कुटुंबांनी मिळून घाऊक आणाव्यात. बरीचशी बचत येथेच होते, आणि त्यात कोणाचाही तास खर्ची पडत नाही. दुसरी गोष्ट, मिश्रण महिन्यातून एकदा, एके ठिकाणी, सर्वांसाठी करावे. वीस घरांत वीस बायकांनी वीस वेळा किसण्याऐवजी चौघांनी एकदा किसावे. त्या चौघांत दोन पुरुष असावेत, आणि पाळी फिरती असावी. तिसरी गोष्ट, जो हे काम करील त्याचे तास वहीत लिहावेत आणि किमान वेतनाच्या दराने त्यांची किंमत मालाच्या भावात धरावी. एवढे करूनही वस्तू दुकानापेक्षा स्वस्त पडली, तरच ती खऱ्या अर्थाने स्वस्त. न पडली तर ती विकत आणावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

बचत गटांना फिनेल आणि पावडर बनवण्याचे प्रशिक्षण अनेकदा दिले जाते; पण माल तयार झाल्यावर तो विकायचा कोठे, हा प्रश्न त्यांच्यावरच सोडला जातो. दूरदर्शनवरच्या जाहिरातीशी डोक्यावरची पाटी स्पर्धा करू शकत नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकांचा संघ बांधावा, मग उत्पादन सुरू करावे. ग्रामपंचायतीची कार्यालये, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना सफाईचा माल लागतोच. दर्जाची तपासणी करून तो स्थानिक गटांकडून घ्यावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडण्यासारखी आहे.

आणि शेवटची गोष्ट पाण्याची. साबण कितीही स्वस्त झाला तरी ज्या वस्तीत नळ दोन दिवसांआड येतो, जेथे हंडाभर पाण्यात धुणे, भांडी आणि आंघोळ उरकावी लागते, तेथे स्वच्छतेचे पाठ देणे हा त्या वस्तीचा अपमान आहे. मळ काढण्याच्या कामी साबणाहून पाणी अधिक लागते. तेव्हा सोड्याच्या डब्याबरोबर नळाच्या मागणीचा अर्जही त्याच बैठकीत लिहिला गेला पाहिजे.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एका वस्तीत एवढेच करावे: वीस घरांचा साबण-पावडरीचा महिन्याचा खर्च लिहून काढावा, त्या घरांत धुण्याभांड्यांवर कोणाचे किती तास जातात तेही शेजारच्या रकान्यात लिहावे, आणि दोन्ही रकाने स्त्रीपुरुषांच्या एकत्र बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावेत. पुढे काय करायचे याची चर्चा त्यानंतर त्या बैठकीत आपोआप सुरू होईल.